ठिपका क्रमांक दोनशे बारा

इम्तियाज शिकलगारनं क्रेनवरून घेतलेलं
माझ्या चुलतभावाच्या लग्नाचं शूटिंग
मी आठ महिने बघते आहे.
नवरा-नवरी सोडून.

कसबा बावड्यातलं कार्यालय. लांबी तीस मीटर, रुंदी अठरा,
माणसं सहाशे चाळीस.
प्रत्येक डोक्यावर एक ठिपका ठेवला आहे,
फेट्यावर भगवा, पदरावर निळा.
कडेवरच्या पोरांना वेगळा ठिपका नाही,
ती आईच्या त्रिज्येतच धरली आहेत.

समीकरण साधं आहे.
प्रत्येकाला कुठंतरी जायचं असतं
आणि कुणी फार जवळ आलं
की दूर सारणारं बल वाढतं.
असं पुस्तकात.
आमच्यात जवळ आलेला माणूस आणखी जवळ येतो,
कानाशी लागतो,
"पोरगी कुठली म्हणायची? गारगोटीकडची?"
मी अधिकाचं उणं केलं
तेव्हा कुठं पडद्यावरचे ठिपके
पाहुण्यांसारखे वागायला लागले.

माइकवरून कुणा साहेबांचं स्वागत झालं
की सगळी गर्दी दाराकडं दाटते,
चौरस मीटरला पाच.
भटजींनी सावधान म्हटलं की उलट, स्टेजकडं.
सावधान.
दिवसभरात तेवढा एकच शब्द कामाचा होता,
त्याच्यावर आम्ही तांदूळ उधळले.

चौथ्या रांगेत, पंख्याखाली,
ठिपका एकोणऐंशी खोकत होता.
नवरीचे मामा. अंगात ताप,
पण मानाचा फेटा चुकवायचा कसा?
पुढच्या दहा दिवसांत एकशे अकरा जण अंथरुणाला लागले.
मी एकेकाला फोन केला.
कुठं बसला होता, मठ्ठा कितव्या पंगतीला घेतला, कोण भेटलं?
निम्मेअधिक म्हणाले, हौसाआत्या.

दोनशे बारा.
बाकीचे ठिपके दारातून अक्षतांकडं, अक्षतांतून जिलेबीकडं
रेघ मारल्यासारखे सरकतात.
ही इचलकरंजीच्या मागावरच्या धोट्यासारखी
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
ज्याला त्याला मनगटाला धरून मामांसमोर उभं करते.
ह्यो आमच्या थोरल्या जावंचा, ही सांगावची.
ओळख सरासरी सत्तेचाळीस सेकंद.

मगदूम सर म्हणाले, अपवाद आहे, काढून टाक.
काढला.
वक्र एक तृतीयांश खाली आला,
गुळगुळीत, छापण्याजोगा.
पण ठिपके आले, जेवले, गेले.
लग्न झाल्यासारखं काही वाटेना.

दिवाळीत आत्या आली, लॅपटॉपवर वाकली.
"ह्यात मी कुठली गं?"
दाखवलं.
बराच वेळ बघत राहिली स्वतःला फिरताना.
"मग काय, एका जाग्याला बसून ऱ्हायला पायजे व्हतं व्हय मी?"
गणिताचं उत्तर होय असं होतं.
मी म्हटलं, चहा ठेवू का.

त्या रात्री तिला परत आत घेतलं
आणि माणसांना हात न लावता
भिंती बघायला लागले.
स्टेजमागं फुलांची भिंत. तिच्यामागं
तीन खिडक्या, ऑइलपेंटनं चिकटलेल्या.
आतली हवा तासाला जेमतेम दीडदा बदलत होती.
सहादा बदलली
तर आत्या सगळ्यांना भेटते, मनगटं धरते,
आणि वक्र तरी खाली येतो.
तेवढाच. कणभर जास्तच.

तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त, तेच कार्यालय.
मॅनेजर म्हणाला, डेकोरेशन हलणार नाही, पैसे झालेत.
पेचकस घालून घालून एक खिडकी उघडली.
साखर कारखान्याच्या मळीचा वास
सरळ बोहल्यावर आला
आणि अख्ख्या वऱ्हाडानं नाकाला रुमाल लावला.

हे मी कुठल्याच समीकरणात धरलं नव्हतं.

खाली गर्दीत आत्या
एकाच्या तोंडावरचा रुमाल बाजूला करून विचारत होती,
"आरं, वळखलं न्हाईस व्हय मला?"